तोंडातली मिल आणि रात्रीची सफाई



दिवाळीच्या आधी सभासदांची साखर वाटायला सुरुवात झाली की गट ऑफिसपुढे पिशव्या घेऊन रांग लागते. अशाच एका रांगेत, पुढच्या अंकात दातांविषयी लिहिणार आहोत असे आम्ही बोलून गेलो. तेव्हा मागून एक वडीलधारे सभासद म्हणाले, "साखर बी तुम्हीच वाटायची आन् दात संभाळा म्हणून बी तुम्हीच सांगायचं! चांगलं हाय." रांग हसली, आम्हीही हसलो. पण मागाहून वाटले, हे सांगायचा अधिकार कुणाला असेल तर तो आपल्यालाच आहे. उसाचा रस कसा नासतो हे ऊसवाल्याइतके कोण जाणतो? आणि दात किडतो तो जवळजवळ त्याच रीतीने.

तोडलेला ऊस दोन-तीन दिवस फडात किंवा गाडीत पडून राहिला की त्याचा उतारा घटतो, ही गोष्ट कुणा सभासदाला शिकवायला नको. वजन घटते ते वेगळे. आत काय होते तर तोडीच्या टोकातून, चिरफाळलेल्या जागेतून सूक्ष्म जंतू शिरतात. त्यांना साखरेसारखे खाद्य दुसरे नाही. ते साखर खातात, आंबट आम्ल सोडतात आणि त्याच साखरेपासून एक बुळबुळीत, चिकट पदार्थ तयार करतात. कारखान्यातले केमिस्ट त्याला डेक्स्ट्रान म्हणतात. मिलच्या खालच्या पन्हाळीला हात लावला तर हाच बुळबुळीतपणा हाताला लागतो. म्हणून तर मिल चालू असतानासुद्धा ठरावीक वेळाने गरम पाण्याचा आणि वाफेचा मारा करतात. तो मारा चुकला तर तयार साखर जंतूंच्या पोटात जाते.

आता आपल्या तोंडात बघा. तिथेही याच जंतूंचे भाऊबंद राहतात. त्यातल्या एका मुख्य जातीचे नाव स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स. नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल, काम लक्षात ठेवावे. हे जंतू साखरेपासून चिकट खळ बनवतात, त्या खळीने स्वतःला दाताला चिकटवून घेतात आणि तिथे बसून आम्ल गाळत राहतात. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जो मऊ, बुळबुळीत थर लागतो तो हाच. नुसत्या चूळ भरण्याने तो जात नाही. तो घासूनच काढावा लागतो.

दात किडण्याला आपण 'कीड लागली' म्हणतो, आणि या शब्दाने पुष्कळ घोटाळा केला आहे. उसाला खोडकिडा लागतो तसा दातात किडा शिरतो, असा समज अजून आहे. बाजाराच्या दिवशी नळी लावून, धुरी देऊन दातातून पांढरे किडे काढून दाखवणारे आम्ही लहानपणी पाहिले आहेत. ती सगळी हातचलाखी. दातात किडा असतो ही कल्पना फ्रान्समधल्या पिएर फोशार या दंतवैद्याने १७२८ सालच्या आपल्या ग्रंथातच खोडून काढली होती. आणि तोंडातले जंतू अन्नापासून आम्ल बनवतात व ते आम्ल दात विरघळवते, हे मिलर नावाच्या संशोधकाने १८९० मध्ये मांडले. म्हणजे ही काही कालची बातमी नव्हे.

आम्ल म्हटले की सामू आला. माती परीक्षणाच्या अहवालात सामूचा रकाना आपण बघतोच. दाताचे वरचे आवरण शरीरातले सगळ्यात टणक, हाडापेक्षाही टणक. पण तोंडातला सामू साधारण साडेपाचच्या खाली गेला की ते आवरण विरघळू लागते. आपल्या उसाच्या रसाचा सामूच मुळात पाच-साडेपाचच्या आसपास असतो. कारखान्यात काय करतात? चुन्याचे पाणी घालून तो सातवर आणतात, मगच पुढे रस आटवतात. तोंडात हे काम लाळ करते. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती आम्ल मारते आणि तिच्यातले कॅल्शियम, फॉस्फेट दाताची झालेली झीज थोडी थोडी भरूनही काढते. (चुन्याचे नाव काढल्याबरोबर कुणी खिशातल्या डबीकडे हात नेऊ नये. त्या चुन्याविषयी पुढे बोलायचेच आहे.)

लाळेला मात्र वेळ लागतो. गोड खाल्ले की काही मिनिटांत सामू खाली जातो आणि पुन्हा वर यायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. सगळा हिशेब इथे आहे. हंगामात आपला दिवस कसा जातो ते आठवा. पहाटे मोटर चालू करायला जाताना एक चहा. टोळी आली की मुकादमाबरोबर एक. काट्यावर गाडी अडकली की दोन. दुपारी पाहुण्याबरोबर, संध्याकाळी चावडीवर, रात्री पाण्याची पाळी असली तर थर्मासमधला. असे आठ चहा झाले तर दात चार तास आम्लात भिजले, आणि मध्ये लाळेला उसंत मिळाली नाही. तेवढीच साखर दोन वेळच्या जेवणाबरोबर पोटात गेली असती तर दातांचे एवढे नुकसान झाले नसते.

हे आमच्या पदरचे नाही. स्वीडनमध्ये लुंड गावातल्या व्हिपेहोल्म येथील रुग्णालयात १९४५ नंतरची काही वर्षे हे तपासून पाहिले गेले आणि १९५४ साली निष्कर्ष छापले गेले. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांचे मात्र भराभर किडले. हे सांगताना एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नाही. ज्यांच्यावर हा प्रयोग केला ती माणसे मतिमंद होती, होय-नाही म्हणण्याच्या स्थितीत नव्हती, आणि मुद्दाम त्यांचे दात किडू दिले गेले. ज्ञान मिळाले, पण ते असल्या मार्गाने मिळाले.

गूळ चालतो का, असे बरेच जण विचारतात. दाताच्या दृष्टीने गूळ म्हणजे साखरच, वर चिकट. काकवीही तीच. आणि ऊस? ऊस खाल्ला की दात साफ होतात अशी आपल्याकडे समजूत आहे. चोयट्याने दातांचे पृष्ठभाग थोडे पुसले जातात हे खरे, पण फटीत आणि हिरडीच्या कडेला रस जाऊन बसतो. फडात बसून ऊस खावा, जरूर खावा, आपल्या हातचा आहे. नंतर दोन घोट पाण्याने खळखळून चूळ भरावी. आणि कांडे कोयत्याने सोलावे. दाढेत धरून सोलताना दाताचा टवका उडालेले आपल्या भागात कमी नाहीत.

आता मुख्य मुद्दा. आपण दात घासतो ते सकाळी. तोंड धुतल्याशिवाय चहा न घेणे हा आपल्याकडचा जुना संस्कार आहे, तो चांगलाच. पण दातांच्या दृष्टीने महत्त्वाची वेळ ती नाही, रात्रीची आहे. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. मिल बंद पडली आणि पन्हाळीतला रस तसाच राहिला तर सकाळपर्यंत काय वास सुटतो ते कारखान्यात काम करणाऱ्या भावांना विचारा. रात्री जेवून, वर गुळाचा खडा किंवा दूध-साखर घेऊन तसेच झोपणे म्हणजे न धुता मिल बंद करण्यासारखे आहे. सात-आठ तास जंतूंना मोकळे रान.

म्हणून झोपण्याआधी एकदा आणि सकाळी एकदा, असे दोन वेळा दात घासावेत. या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर रात्रीची करा. घासून झाल्यावर पाण्याशिवाय काही तोंडात घालू नये. रात्री पाण्याची पाळी असेल आणि बांधावर चहा होणारच असेल तर बिनसाखरेचा प्या, नाहीतर चहानंतर चूळ भरा. एवढे जमते.

घासण्याची रीत अशी. ब्रश मऊ घ्यावा. कडक ब्रशने दात जास्त साफ होत नाहीत, हिरड्या मागे सरतात आणि दाताच्या मुळाशी खाच पडते. मग गार पाणी लागले की कळ मस्तकात जाते. पितळी तांब्या घासल्यासारखे आडवे-तिडवे घासू नये. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका टेकवून बारीक बारीक हालवत न्यावा. बाहेरून, आतून, चावण्याच्या बाजूने. दाढांची आतली बाजू सगळ्यांचीच राहते, तिथे मुद्दाम जावे. दोन मिनिटे लागतात. दोन मिनिटे किती मोठी असतात ते एकदा घड्याळ लावून बघा, म्हणजे कळेल. ब्रशचे केस फिस्कटले किंवा तीन-चार महिने झाले की तो बदलावा. आणि घरात माणशी एक ब्रश असावा. नवरा-बायकोचाही वेगळा.

पेस्ट फ्लोराइडची घ्यावी. नळीवर तसे छापलेले असते. फ्लोराइडने दाताचे आवरण आम्लाला टिकून राहते आणि सुरुवातीची झीज भरून यायला मदत होते. घासल्यावर फेस थुंकून टाकावा, पण भसाभसा चुळा भरून सगळे धुऊन काढू नये. थोडे दाताला लागून राहिलेले चांगले. हे आम्हालाही नवीन होते. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दाखवतात, ती धंद्याची युक्ती. मोठ्यांना वाटाण्याएवढी पुष्कळ झाली. तीन वर्षांखालच्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या पोराला वाटाण्याएवढी, आणि ती गिळू नये म्हणून जवळ उभे राहावे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावी विंधन विहिरीच्या पाण्यातच फ्लोराइड जादा आहे, त्याने दातांवर डाग पडतात आणि हाडेही बिघडतात. तिकडच्या पाहुण्यारावळ्यांनी आधी पाणी तपासून घ्यावे.

कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी वाईट नाही. टोक चावून मऊ कुंचला केला आणि सावकाश घासले तर पुढचे दात चांगले साफ होतात. मागच्या दाढांच्या आत काडी पोचत नाही, आणि तिच्यात फ्लोराइड नाही, एवढेच. कोळसा, राख, विटेचा चुरा आणि खरखरीत लाल मंजने मात्र बंद करावीत. त्याने दात पांढरे दिसतात, कारण वरचे आवरण घासून जाते.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट घरोघरी चुकते. दुधाचे दात वीस. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे, शेवटच्या दुधाच्या दाढेच्याही पलीकडे एक नवी दाढ येते. ती येताना कुठला दात पडत नाही, म्हणून आई-बापांना वाटते हीही दुधाचीच. किडली तर 'पडून दुसरी येईल' म्हणून सोडून देतात. ती पडत नाही. ती जन्मभराची पहिली दाढ असते आणि तिच्या खोल खाचांत घाण बसते म्हणून तीच सगळ्यात आधी किडते. घरात सहा-सात वर्षांचे पोर असेल तर आज संध्याकाळी उजेडात तोंड उघडून बघा. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचे दात मोठ्या माणसाने घासून द्यावेत. तान्ह्या बाळाला गोड दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नये. पुढचे चारही दात काळे पडलेली पोरे आपण बघतो ती बहुधा याचीच.

हिरड्यांकडे आपले लक्षच नसते, कारण त्या दुखत नाहीत. घासताना रक्त आले की माणूस तिथे घासणे सोडून देतो. हे अगदी उलट झाले. रक्त येते कारण तिथे थर साचून हिरडी सुजली आहे. तिथे हलक्या हाताने नीट घासत राहिले तर बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत रक्त थांबते. नाही थांबले तर डॉक्टरला दाखवावे. थर तसाच राहिला तर लाळेतल्या क्षारांनी तो टणक होतो, त्याला आपण कीटण म्हणतो. रस आटवायच्या भांड्यांच्या नळ्यांना आतून खपली धरते आणि सफाईसाठी कारखाना काही तास थांबवावा लागतो, तसलाच हा प्रकार. कीटण ब्रशने निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. 'साफ करून घेतले आणि दात हलायला लागले' ही तक्रार आम्ही अनेकदा ऐकली आहे. दात आधीच हलत होते. खालचे हाड झिजलेले होते, कीटणाने त्यांना एकमेकांत जखडून धरले होते. आधार गेला तेव्हा कळले, इतकेच. तसेच वरची दाढ काढली की डोळे अधू होतात, हाही समज खोटा. दाढ काढायच्या वयात डोळेही थकलेले असतात.

मधुमेह असलेल्या सभासदांनी हिरड्यांना विशेष जपावे. साखर वाढली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांत पू राहिला की साखर आटोक्यात येत नाही. दोन्हीकडून ओढाताण.

आता मिश्री. आमच्या भगिनींना राग येईल, पण बोलले पाहिजे. आमच्या आळीतल्या एका मावशी चाळीस वर्षे मिश्री लावत होत्या. "दात घट्ट ऱ्हात्यात" म्हणायच्या. साठीच्या आत निम्मे दात गेले, आणि ते किडले नव्हते, मुळातून सुटले होते. मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखू. तिने हिरडी बधिर होते म्हणून दुखणे कळत नाही. लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोके धरते, ही तर निकोटिनची तलफ. सकाळी एकदा लावणारी बाई पुढे दिवसातून चार वेळा लावते ती त्यामुळेच. तंबाखू घातलेली पेस्ट किंवा दंतमंजन बनवायला आणि विकायला १९९२ सालीच देशात बंदी झाली. पण घरच्या तव्यावर कायदा कुठून येणार? पुरुषांनी हसू नये. चुना-तंबाखूचा बार, सुपारी, २०१२ साली राज्यात बंदी येऊनही मिळणारा गुटखा, हे सगळे एकाच माळेचे मणी. तंबाखू आणि सुपारी या दोन्हींनी तोंडाचा कर्करोग होतो, नुसत्या सुपारीनेसुद्धा. आणि गरोदरपणी तंबाखू लावणाऱ्या आईचे मूल कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो, हे मुंबईतल्या स्त्रियांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले आहे. ज्या घरी सून पोटुशी आहे तिथे सासूने आधी डबी बाजूला ठेवावी. सोडणे अवघड आहे हे आम्हाला ठाऊक आहे. तंबाखूच्या पुडीवर १८०० ११ २३५६ हा फुकटचा नंबर छापलेला असतो, त्यावर मदत मिळते.

जे खातात त्यांनी महिन्यातून एकदा आरशापुढे, बॅटरीच्या उजेडात आपले तोंड बघावे. गालाच्या आत, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली. पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेली जखम, गाठ, तिखट अजिबात सहन न होणे, यातले काही असले तर दुखत नसले तरी दाखवावे. आपलीच तीन बोटे उभी करून तोंडात जातात का बघावे. जात नसतील तर सुपारीने तोंड आखडू लागले आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसते घरोघरी जाऊन तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारू असणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. निष्कर्ष २००५ साली छापले गेले आहेत. औषध नाही, मशीन नाही, फक्त वेळेवर बघणे.

दाढ ठणकली की तिच्यावर तंबाखूची चिमूट किंवा गोळीचा चुरा ठेवू नये, हिरडी भाजते. लवंगेचे तेल बोळ्याने लावले तर रात्र निघते, पण कीड तेवढ्याने थांबत नाही. गाल सुजून ताप आला, गिळता येईना किंवा तोंड उघडेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. 'हंगाम संपला की बघू' म्हणू नये. खर्चाची अडचण असेल तर आधी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत.

शेवटी एक गोष्ट, हंगामात उपयोगी पडेल अशी. ट्रॉलीवरून पडून, हँडल उलटे बसून किंवा जनावराच्या शिंगाने पक्का दात मुळासकट बाहेर आला तर तो फेकून देऊ नये. पुन्हा बसवता येतो. दात वरच्या, चावण्याच्या बाजूने धरावा, मुळाला बोट लावू नये, खरवडू नये. माती लागली असेल तर पाण्याखाली क्षणभर धरून धुवावा. जमले तर लगेच त्याच जागी सरळ बसवून फडके चावून धरावे. नाहीतर वाटीभर दुधात टाकून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यावे. पोरांच्या दुधाच्या दाताला हे करू नये. आणि दूध गार असावे, साखर घातलेले नसावे.